किशोरवयीन गुन्हेगारी आणि विचलित उपसंस्कृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समाजशास्त्र शिकवत होते तेव्हा आणि निवृत्तीनंतरही इंदूरच्या मराठी मंडळांतून, पालकसभांतून आणि एम. ए. च्या विद्यार्थ्यांकडून या विषयावरचे प्रश्न सतत येत राहिले. चाकूबाजीची एखादी बातमी आली की त्या आठवड्यात ते दुपटीने येतात. पुष्कळसे प्रश्न तेच ते असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. आधी संज्ञा, मग सिद्धांत आणि शेवटी अडचणीचे अपवाद असा साधारण क्रम आहे. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. चालू प्रकरणात मात्र सल्ला वकिलाचाच घ्यावा.

१. विचलन आणि गुन्हा यांत फरक काय?

समाजाने जी वागणूक गृहीत धरलेली असते तिच्यापासून दूर जाणे म्हणजे विचलन. कायद्याने ज्याला शिक्षा ठरवली आहे ते कृत्य म्हणजे गुन्हा. सोळा वर्षांच्या मुलाने केस निळे रंगवले तर रामबागेतल्या आजोबांना ते खटकेल, पण तो गुन्हा नाही. उलट आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा आहे, पण ज्या गल्लीत सगळेच आकडा टाकतात तेथे त्याला कोणी नावे ठेवत नाही. बुलेटचा सायलेन्सर बदलून रात्री फटाक्यासारखे आवाज काढत जाणे दोन्हींत मोडते: शेजाऱ्यांची झोप मोडते आणि वाहतूक पोलिसांचे चलनही फाटते. मुद्दा असा की कोणतेही कृत्य स्वतःहून विचलित नसते. ते कोणी, कोठे, कोणासमोर केले यावर त्याचे नाव ठरते. हाच धागा पुढे प्रश्न ११ मध्ये येतो.

२. ‘बालगुन्हेगार’ कोणाला म्हणायचे? वयाची अट काय आहे?

कायद्यात आता हा शब्दच नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे आणि त्यात अठरा वर्षांखालील अशा मुलाला ‘विधी संघर्षग्रस्त बालक’ म्हटले आहे. आपल्याकडची हिंदी वर्तमानपत्रे ‘अपचारी बालक’ लिहितात. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानले जात नाही. सात ते बारा या वयात आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम कळण्याइतकी समज मुलाला आलेली नसेल, तर तेही गुन्हा ठरत नाही. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची समज, क्षमता आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करते आणि त्यानंतर प्रकरण बालक न्यायालयाकडे जाऊ शकते. तेथेही फाशी देता येत नाही आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही देता येत नाही.

३. घरचे संस्कार चांगले असले तर मूल बिघडेलच कसे? मग समाजशास्त्राने यात सांगायचे काय उरते?

एखाद्या विशिष्ट मुलाने विशिष्ट दिवशी चाकू का उचलला, याचे पूर्ण उत्तर समाजशास्त्र देत नाही आणि तसा दावाही करत नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे: एका वस्तीत, एका काळात, एका वयोगटात हे प्रमाण जास्त का असते आणि शेजारच्या वस्तीत कमी का? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम यांनी १८९५ मध्ये मांडले की गुन्हा नसलेला समाज संभवत नाही आणि गुन्ह्याच्या निमित्ताने समाज आपल्या मर्यादा पुन्हा आखून घेतो. ते असेही म्हणाले की समाज झपाट्याने बदलतो तेव्हा नियमांची माणसावरची पकड सुटते. त्या अवस्थेला त्यांनी ‘ॲनॉमी’ म्हटले.

संस्कारांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण संस्कार करायला घरात कोणीतरी असावे लागते, आणि आई-वडील दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतत असतील तर त्या मधल्या तेरा तासांत मुलावर संस्कार गल्लीच करते.

४. म्हणजे गरिबीमुळे मुले गुन्ह्याकडे वळतात, असेच ना?

नाही, निदान इतके सरळ नाही. गरिबी हेच कारण असते तर सर्वांत गरीब खेडी सर्वांत गुन्हेगार असती. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये जे सांगितले ते यापेक्षा सूक्ष्म आहे. समाज सगळ्यांसमोर एकच ध्येय ठेवतो (पैसा, गाडी, नाव), पण तेथे पोहोचण्याची मान्य वाट सगळ्यांना सारखी देत नाही. ध्येय आणि वाट यांच्यातल्या या ताणातून माणसे पाच तऱ्हांनी वागतात.

इंदूरमधला परदेशीपुरा आणि मालवा मिलचा कापडगिरण्यांचा परिसर डोळ्यांसमोर आणला की हे चटकन कळते. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची थकलेली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मिलच्या नोकरीत श्रीमंती नव्हती, पण शिफ्ट होती, पगाराचा दिवस होता, पोराला कोठे चिकटवायचे हे बापाला माहीत होते. ती वाट मिटली, आणि त्याच काळात तीन-चार किलोमीटरवर विजयनगरमध्ये मॉल आणि शोरूम उभे राहिले. ध्येय जवळ आले आणि वाट लांब गेली.

अशा एका गल्लीतले पाच मुलगे समजा. एक रात्रंदिवस अभ्यास करून भंवरकुव्याच्या क्लासला जातो आणि स्पर्धापरीक्षा देतो. मर्टन याला अनुसरण म्हणतात. दुसऱ्याला तीच गाडी हवी आहे, पण तो मोबाइल हिसकावून तिकडे निघतो; मर्टन यांच्या भाषेत हा नवोपक्रम, आणि गुन्हेगारीचा मोठा भाग येथे बसतो. तिसऱ्याने आशा सोडली आहे, तरी दुकानातली दहा तासांची नोकरी नियमाने करतो. चौथा ध्येयही सोडतो आणि वाटही, आणि नशेत बुडतो. पाचवा म्हणतो की हे ध्येयच चुकीचे आहे, आणि बंड करतो. पाचांची गरिबी सारखी, वागणे मात्र वेगळे. त्यांच्यापैकी नेमका कोण कोणत्या वाटेने जाईल, हे मर्टन सांगत नाहीत. त्यासाठी पुढच्या अभ्यासकांकडे जावे लागते.

५. पैशासाठी चोरी केली तर समजते. पण नुसतीच नासधूस का करतात?

मर्टन यांच्या मांडणीतली नेमकी हीच फट अल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्ये दाखवली. काही वर्षांपूर्वी एका सभागृहाबाहेर आमच्या कार्यक्रमाला आलेल्यांच्या दुचाक्या ओळीने उभ्या होत्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा दहा-बारा गाड्यांच्या सीट ब्लेडने कापलेल्या होत्या, आतला पिवळा फोम बाहेर आला होता. डिकी एकाचीही उघडलेली नव्हती, पेट्रोल कोणी काढलेले नव्हते. यात मिळकत शून्य.

कोहेन म्हणतात की मिळकत असते, पण ती पैशाची नसते. शाळा सगळ्या मुलांना मध्यमवर्गाच्या मापाने मोजते: वेळेवर येणे, शुद्ध बोलणे, आजचे सुख उद्यावर ढकलणे. ज्या घरात हे माप वापरातच नाही तेथून आलेला मुलगा पहिलीपासून त्यात कमी भरतो आणि रोज चारचौघांत कमी भरतो. अशी दहा मुले एकत्र आली की ती माप उलटे करतात: जे तुमच्या लेखी वाईट, ते आमच्या लेखी भारी. सीट कापणाऱ्याला त्याच्या टोळक्यात मान मिळतो, आणि शाळेने जो मान कधी दिला नाही त्याची ती भरपाई असते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मागच्या बाकावर गप्प बसवलेल्या आपल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हे माप लागते, हे पालकांनी विसरू नये.

६. एका भागात चाकूबाजी, दुसऱ्यात नशा, तिसऱ्यात संघटित चोऱ्या. असा फरक का पडतो?

क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी १९६० मध्ये सांगितले की बेकायदा वाटसुद्धा सगळ्यांना सारखी खुली नसते. जेथे मुरलेले गुन्हेगार, चोरीचा माल घेणारे आणि वरपर्यंत हात पोहोचलेले लोक असतात तेथे मुलगा उमेदवारी करतो आणि धंदा शिकतो. अशा ठिकाणी विनाकारण दंगा होऊ दिला जात नाही, कारण त्याने धंद्यावर पोलिसांची नजर पडते. जेथे अशी घडीही नसते, लोक सतत येतात-जातात, तेथे नाव कमावण्याचे साधन मारामारी होते. आणि ज्यांना ना सरळ वाट साधली ना वाकडी, ते नशेकडे जातात. आपल्याकडे पंक्चरचे सॉल्यूशन हुंगणारी आणि ‘नाइट्रा’च्या (झोपेच्या) गोळ्या नशेसाठी खाणारी लहान मुले याच गटातली.

वॉल्टर मिलर यांचे १९५८ चे म्हणणे याहून वेगळे होते. त्यांच्या मते कष्टकरी वस्तीतले मुलगे कोणाविरुद्ध बंड करत नसतात. त्यांच्या वस्तीत दणकटपणा, चलाखी, थरार, नशिबावरची भिस्त, कोणाचे ऐकून न घेणे आणि लफड्यांशी सततचा संबंध या गोष्टींना आधीपासूनच वजन असते, आणि ते त्याला जागतात. मला हे अर्धेच पटते. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाक्यांबरोबर (चित्ररथांबरोबर) अखाडे निघतात. त्यांत लाठी, बनेटी, तलवार फिरवणारी मुले याच वस्त्यांतली असतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे असलेले लोक त्यांना टाळ्या देतात. दणकटपणाची ओढ तीच, पण तेथे उस्ताद आहे, रियाज आहे आणि बक्षीस आहे. तेव्हा ती ओढ गुन्ह्याकडेच जाते असे म्हणता येत नाही. तिला मानाची जागा मिळते की नाही, हे पाहावे लागते.

७. टॅटू, विचित्र केस, बुलेट, रील्स हे सगळे गुन्हेगारी उपसंस्कृतीचेच लक्षण आहे का?

उपसंस्कृती म्हणजे मोठ्या समाजातच राहून आपली भाषा, पेहराव, मानमरातब वेगळा ठेवणारा गट. त्याला गुन्ह्याची गरज नसते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ मध्ये सुरू झालेल्या सांस्कृतिक अभ्यास केंद्राने तरुणांच्या पेहरावाकडे आणि संगीताकडे वर्गीय परिस्थितीला दिलेले उत्तर म्हणून पाहिले. पॉल विलिस यांनी एका औद्योगिक गावातल्या बारा कामगार-मुलांचा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. ही मुले शिक्षकांची टर उडवत, अभ्यास करणाऱ्यांना बायकी ठरवत आणि अंगमेहनतीलाच खरे पुरुषाचे काम मानत. शाळेवर त्यांनी विजय मिळवला आणि त्या विजयानेच त्यांना बापाच्या कारखान्यात नेऊन उभे केले. वर्गात ‘भिया’ (इंदुरी बोलीत दादा) म्हणून मिरवणाऱ्या मुलाकडे पाहताना मला हा अभ्यास नेहमी आठवतो. त्याचा बंडखोरपणा खरा असतो. त्याची किंमत मात्र तोच चुकवतो.

८. संगत हेच मूळ कारण नाही का?

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ हे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो. एडविन सदरलँड यांनी त्याला शास्त्रीय रूप दिले आणि १९४७ मध्ये ते नऊ विधानांत पक्के केले. गुन्हा शिकावा लागतो, तो जवळच्या माणसांत शिकला जातो, आणि त्यात कुलूप कसे उघडायचे एवढेच नव्हे तर ते उघडण्यात गैर काही नाही हे मानायलाही शिकवले जाते. संगतीचा परिणाम ती किती वेळा, किती काळ, किती लहान वयापासून आणि किती जिव्हाळ्याची आहे यावर अवलंबून असतो.

म्हणूनच ‘मोबाइलने बिघडवले’ हे उत्तर अपुरे आहे. चाकू हातात घेतलेले रील लाखो मुले पाहतात. ते पाहून कमेंट करणारे चार मित्र रोज नाक्यावर भेटत असतील तर गोष्ट वेगळी होते. आणखी एक शंका पालकांनी मनात ठेवावी: संगतीने मुलगा बिघडला, की आधीच एकटा पडलेला मुलगा त्या संगतीकडे गेला? दोन्ही घडते, आणि दुसऱ्या बाबतीत मित्र तोडून काही साधत नाही.

९. ठरावीक वस्तीतलेच लोक असे असतात, हे अनुभवाने दिसत नाही का?

वस्ती दिसते, ‘लोक’ हा निष्कर्ष चुकतो. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शिकागोच्या बालन्यायालयातल्या मुलांचे पत्ते नकाशावर मांडले. शहराच्या व्यापारी मध्याला लागून असलेल्या, भाड्याच्या पडक्या घरांच्या पट्ट्यात प्रमाण सर्वांत जास्त होते. त्यांचा महत्त्वाचा शोध पुढेच आहे: त्या पट्ट्यात एकामागून एक वेगवेगळ्या देशांतून आलेले लोक राहून गेले, तरी पट्ट्याचे प्रमाण वरच राहिले, आणि जे तेथून बाहेर पडले त्यांच्या मुलांचे प्रमाण उतरले. म्हणजे दोष रक्तात नव्हता. जेथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, कोणी कोणाच्या मुलाला टोकत नाही, तेथे हे घडते. आपल्याकडे कान्ह नदीकाठच्या वस्त्या असोत की नव्या कॉलन्या, जातीकडे किंवा धर्माकडे बोट दाखवण्याआधी ही बाब तपासावी.

१०. पकडल्यावरही यांना लाज कशी वाटत नाही? आणि हीच मुले पुढे मोठे गुन्हेगार होतात ना?

लाज वाटते, म्हणूनच तर सबबी लागतात. साइक्स आणि मॅत्झा यांनी १९५७ मध्ये या सबबींचे पाच प्रकार सांगितले. निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना अशा मुलांना जेथे ठेवतात तेथे) मी मुलांशी बोलले तेव्हा ते पाचही ऐकले: ‘मला ओढून नेले’, ‘त्याचे काय गेले, विमा आहे’, ‘तो त्याच लायकीचा होता’, ‘पोलीस तरी कुठे सरळ आहेत’ आणि ‘दोस्तासाठी जावेच लागते’. ज्याला नियमच मान्य नाही तो सबब देत नाही. डेव्हिड मॅत्झा यांनी पुढे १९६४ मध्ये मांडले की बहुतेक किशोर गुन्हेगारीच्या काठाने वाहत असतात. कधी आत, कधी बाहेर.

ते मोठे गुन्हेगार होतात का? बहुतेक होत नाहीत. मार्व्हिन वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात १९४५ मध्ये जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या नोंदी तपासल्या. अठरा वर्षांपर्यंत सुमारे ३५ टक्के मुलांचे नाव कधी ना कधी पोलिसांच्या दप्तरात आले होते, पण निम्म्याहून अधिक गुन्हे केवळ ६ टक्के मुलांनी केलेले होते. वयाप्रमाणे गुन्ह्यांचा आलेख विशीच्या आसपास सर्वांत वर जातो आणि मग उतरतो, हे अनेक देशांत दिसले आहे. ट्रॅव्हिस हिर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला: बाकीचे गुन्हा का करत नाहीत? कोणाबद्दल तरी जिव्हाळा, भविष्यात गुंतवलेले काहीतरी, हाताला काम आणि नियमांवर विश्वास, हे चार दोर त्यांना धरून ठेवतात.

११. पोलिसांनी पकडलेल्या पोरांचा मोहल्ल्यातून जुलूस (धिंड) काढला की चांगला धाक बसतो. त्यात चूक काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि बहुधा चांगल्या, त्रासलेल्या माणसांकडून. ज्यांच्या दुकानाच्या काचा फुटल्या त्यांचा राग मला समजतो. तरीही माझे उत्तर स्पष्ट आहे: अल्पवयीन मुलाचा जुलूस काढणे बेकायदा आहे. त्याला बेडी घालता येत नाही, पोलीस कोठडीत ठेवता येत नाही आणि त्याची ओळख प्रसिद्ध करता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी समाजशास्त्र वेगळे सांगत नाही. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन असा भेद केला. पहिली चोरी ही प्राथमिक. ती अनेक जण करतात आणि विसरतात. पण ती पकडली गेली, शिक्का बसला, शाळेने नाव काढले, मित्रांच्या आयांनी घरात येऊ देणे बंद केले, आणि मुलगा त्या शिक्क्याभोवतीच आपले आयुष्य बांधू लागला, म्हणजे दुय्यम. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हेच पुढे नेले: समाज नियम करतो, ते काही लोकांना लावतो आणि त्यांना बाहेरचे ठरवतो. विल्यम चॅम्ब्लिस यांनी १९७३ मध्ये एकाच शाळेतल्या दोन टोळक्यांची तुलना केली. आठ सुखवस्तू मुले आणि सहा गरीब मुले. उपद्रव दोघांचाही बराच. पहिल्या टोळक्याकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जाऊन गोंधळ घालत आणि पकडले तर अदबीने बोलत. दोन वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही अटक झाली नाही. दुसरे टोळके नाक्यावरच उभे असे, म्हणून सतत पोलिसांच्या हाती लागे. गावाने ज्यांच्याकडून जे अपेक्षिले तेच पुष्कळसे पुढे खरे झाले.

आपल्या देशाने तर हा प्रयोग संपूर्ण समाजांवर केला. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच शिक्का लावला. तो १९५२ मध्ये गेला, पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मध्य प्रदेशातल्या पारधी, कंजर, सांसी, बेडिया समाजांतल्या मुलांना आजही चोरी झाली की सर्वांत आधी बोलावले जाते. सत्तर वर्षांत जो शिक्का पुसला गेला नाही तो एका दुपारच्या जुलूसने किती खोल बसत असेल, याचा विचार टाळ्या वाजवण्याआधी करावा.

१२. निदान एक दिवस ठाण्यात बसवून किंवा तुरुंग दाखवून घाबरवले तर?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात हेच केले गेले: जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडत आणि तुरुंगातले जगणे वर्णन करून सांगत. मागाहून झालेल्या काटेकोर तुलनांत अशा कार्यक्रमाला गेलेली मुले न गेलेल्यांपेक्षा अधिक गुन्हे करताना आढळली.

चांगल्या हेतूचीही परीक्षा घ्यावी लागते. बॉस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथे १९३९ मध्ये ५०६ मुलांच्या जोड्या लावून एकाला समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरे दिली आणि दुसऱ्याला काहीच दिले नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी शोध घेतला तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती अनेक बाबतींत अधिक वाईट निघाली. बिघडलेल्या मुलांना एकत्र कोंबून सुधारण्याचे शिबिर भरवले की ती एकमेकांकडूनच शिकतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते, आणि प्रश्न ८ मधल्या सदरलँडना ते नवल वाटले नसते.

१३. वर्तमानपत्रे वाचून वाटते की हे दरवर्षी भयंकर वाढते आहे. खरे काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे देशात किशोरांविरुद्धची प्रकरणे २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५ होती. संख्येत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही राज्ये सर्वांत वर आहेत, हेही खरे. पण हे नोंदलेल्या प्रकरणांचे आकडे आहेत. एखाद्या शहरात मोहीम निघाली की गुन्हे तेवढेच राहूनही नोंदी वाढतात. पकडलेल्यांतले बहुसंख्य सोळा ते अठरा वयाचे असतात आणि बेघर नव्हे, तर आई-वडिलांजवळ राहणारे असतात.

स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मध्ये ‘नैतिक घबराट’ ही कल्पना मांडली. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडच्या क्लॅक्टन गावी तरुणांच्या दोन गटांत किरकोळ धुमश्चक्री झाली; वर्तमानपत्रांनी तिचे युद्ध केले, पोलीस वाढले, आणि त्या बातम्या वाचून पुढच्या सुट्ट्यांना खरोखरच गर्दी जमू लागली.

१४. या सगळ्यात मुली कोठे आहेत?

जुन्या अभ्यासांत जवळजवळ नाहीतच, आणि ती त्यांची उणीव आहे. अँजेला मॅकरॉबी यांनी १९७० च्या दशकात दाखवले की मुलींची उपसंस्कृती नाक्यावर नव्हे तर मैत्रिणीच्या खोलीत घडते, म्हणून ती संशोधकांना दिसली नाही. मुलींचे गुन्ह्यातले प्रमाण सर्वत्र कमी असते. त्यांच्यावरची नजर कडक असते, हे त्याचे एक कारण. मात्र त्याच नजरेमुळे मुलाच्या बाबतीत ‘उनाडकी’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट मुलीच्या बाबतीत कायमचा डाग होते.

१५. श्रीमंत घरातल्या मुलांचे काय? त्यांना तर सगळ्या वाटा खुल्या असतात.

मर्टन आणि अल्बर्ट कोहेन येथे कमी पडतात, हे मान्य करावे. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यात अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. दोघेही मूळचे मध्य प्रदेशचे होते, त्यामुळे इंदूरमध्ये हा प्रश्न मला कित्येकांनी विचारला. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, याचा संताप सगळ्यांना आठवतो. सदरलँड यांनी १९३९ मध्येच बजावले होते की गुन्ह्याला गरिबीशी जोडणारे सिद्धांत प्रतिष्ठितांचे गुन्हे मोजतच नाहीत. हिर्शींचे दोर (प्रश्न १०) श्रीमंत घरातही सुटलेले असू शकतात, आणि चॅम्ब्लिस यांच्या आठ मुलांप्रमाणे (प्रश्न ११) परिणामांपासून सतत वाचवलेला मुलगा परिणाम नसतातच असे शिकतो. मात्र या संतापाचे उत्तर सगळ्याच मुलांना कठोर शिक्षा हे नव्हे. कठोर झालेला कायदा सर्वांत आधी वकील नसलेल्या मुलावर पडतो.

१६. परीक्षेत सगळे सिद्धांत लिहिले, पण यातला बरोबर कोणता?

प्रत्येक सिद्धांत वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ताण कोठून येतो याला मर्टन, टोळके का जमते याला अल्बर्ट कोहेन, कोणते टोळके जमते याला क्लोवर्ड-ओहलिन, गुन्हा कसा शिकला जातो याला सदरलँड, आणि एकदा केलेला गुन्हा कायमचा का होतो याला लेमर्ट व बेकर. उत्तरपत्रिकेत प्रत्येकाची मर्यादाही लिहावी. माझे स्वतःचे झुकते माप शेवटच्या दोघांकडे आहे, कारण मुलाच्या पहिल्या चुकीवर आपला फारसा ताबा नसतो. तिच्यानंतर आपण कसे वागतो त्यावर असतो.

१७. आमच्या इमारतीतला मुलगा निरीक्षणगृहातून परत आला आहे. त्याच्यावर हा डाग कायम राहील का?

कायद्याने राहू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे अशा मुलाला त्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद एकच: सोळा पूर्ण झालेल्या ज्या मुलाला बालक न्यायालयाने प्रौढाप्रमाणे चालवून दोषी ठरवले, त्याला हे संरक्षण नाही. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी देऊ नये, असे कलम ७४ सांगते.

रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांना हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात जुनी खोकी सापडली. त्यांत बॉस्टनच्या एक हजार मुलांच्या नोंदी होत्या, पाचशे गुन्ह्यात सापडलेल्या आणि पाचशे न सापडलेल्या. दोघांनी त्या नोंदी नव्याने अभ्यासल्या आणि पुढे गुन्ह्यात सापडलेल्यांचा माग त्यांच्या सत्तरीपर्यंत घेतला. त्यांच्यातल्या ज्यांनी गुन्हेगारी सोडली त्यांच्या आयुष्यात बहुधा तीनपैकी एक गोष्ट आलेली होती: टिकलेली नोकरी, चांगले लग्न किंवा सैन्य. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यांतली आजच्या आज हाती येण्याजोगी गोष्ट काम हीच आहे. आयटीआयचा प्रवेश, ओळखीच्या गॅरेजमध्ये उमेदवारी, छापखान्यात बांधणीचे काम, काहीही चालेल. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात त्याचा फोटो फिरत असेल तर तो काढायला लावा. त्याची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आणि पुढे कधी नोकरीच्या अर्जावर ‘आपणावर पूर्वी कोणते प्रकरण होते काय’ असा रकाना आला, तर तो भरण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. तेथे वकील विनामूल्य मिळतो, आणि मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत बरोबर न्यावी.